पाव

सकाळी साडेसहाला काळाघोड्यापाशी
पांढरी मिनीबस, चौदा माणसं,
आणि गळ्यात शिट्टी घातलेला गाइड,
मितेश राठवा, जांबुघोड्याकडचा,
हिंदीत सुरू होऊन गुजरातीत उतरणारा.
"मराठी पण समजते हं, मावशी," म्हणाला,
"दांडियाबाजारात दोन वर्षं कुरिअर वाटलंय."

वन्सं खिडकीशी. मी आतल्या बाजूला.
मधे डबा: दशम्या, लसणाची चटणी,
आणि न बोलण्याची आमची जुनी सवय,
तीही त्याच फडक्यात गाठ मारून.

लग्न होऊन आले तेव्हापासून
गच्चीवर पापड घालताना हा डोंगर पाहिलाय.
हवा स्वच्छ असली की ईशान्येला दिसायचा,
कुणी पेन्सिलीने काढून अर्धवट खोडल्यासारखा.
तिथे जायचं असतं हे सुचलंच नाही.
कॅलेंडरावरच्या चित्रात कोण जातं?

हालोलच्या अलीकडे मितेशने माइक घेतला.
"पावागढ का? तर पाव भाग वर,
पाऊण भाग जमिनीत.
लोक सांगतात. मोजलंय कुणी? नाही."
बसभर हसू.
वन्संनी चष्मा काढून पुसला.

चांपानेरच्या मशिदीत
मितेश दगडी जाळीवर बोट फिरवत होता, काय काय सांगत होता;
वन्सं तिथल्या तिथे टाके मोजत होत्या.
क्रोशाच्या सुईवर जन्म गेलाय त्यांचा.
मग गुडघे म्हणाले, पुरे.
त्या बसच्या सावलीत बसल्या,
ड्रायव्हर यासीनभाईंनी सीटची गादी काढून दिली.
"जा तू. माझा नमस्कार सांग.
माझ्यासाठी काही मागू नकोस."

उडनखटोल्यात पोट मागे राहिलं, मी पुढे गेले.
खाली माकडं, कौलं, एक वाळत घातलेली लाल चादर.
पुढच्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत;
मितेश फक्त माणसं मोजत होता,
तेरा, तेरा, दर वळणावर तेरा.
देवी पावते म्हणतात.
मला तिचे डोळे दिसले, तेही निमिषभर,
काय मागायचं ते आठवेतो मागच्या बाईने पुढे ढकललं.

"ते बघा वडोदरा!" कठड्याशी मितेशचा हात लांब.
सगळ्यांनी बघितलं.
चहावरच्या सायीसारखं धुकट काहीतरी.
मी आमची गच्ची शोधली, गच्चीवरची दोरी,
आणि इतरांसारखंच म्हटलं, हो हो, दिसलं.

खाली आले तर वन्सं बोलत होत्या.
गुजरातीत. न थांबता.
गादीवर रिकामा डबा,
यासीनभाईंच्या हातात चटणी लागलेली शेवटची दशमी
तशीच.
मी बसच्या मागच्या चाकाशी उभी राहिले.
एकोणऐंशी साल ऐकलं,
मी घरात यायच्या आधीचं.
साखरपुडा. नडियादची माणसं.
एक निनावी पत्र.
आणि मग, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं,
"अक्षर तो मारा भाईना ज हता."

ते अक्षर मला ठाऊक आहे.
र किंचित मागे झुकलेला, वेलांटी सैल.
माझ्या ट्रंकेत त्यातली एकतीस पत्रं आहेत,
सगळी 'प्रिय'ने सुरू होणारी.

यासीनभाईंनी मला पाहिलं. दशमी खाल्ली.
वन्सं वळल्या. "झालं दर्शन?"
"झालं."
"किती पायऱ्या?"
"नाही मोजल्या."
"गाइड काय करत होता मग?" म्हणाल्या,
आणि पदराने डब्याच्या कडा पुसू लागल्या.

परतीला मितेशने कागद वाटले:
सहल कशी वाटली, किती तारे,
काही राहून गेलं का?
वन्संनी पाचही तारे भरले, गिरवून,
आणि शेवटच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
माझा कागद कोराच राहिला.
पर्समध्ये खटोल्याची पावती होती, तिची मी घडी घातली,
मग उलगडली, मग पुन्हा घडी.

शिट्टी. चौदा. बस निघाली.
मागच्या काचेत डोंगर बराच वेळ होता.
मी मधला डबा उचलून मांडीवर घेतला.
जरोदच्या वळणावर वन्संचा खांदा
माझ्या खांद्याला येऊन टेकला.
त्या सरकल्या की रस्ता वळला,
कोण जाणे.
रस्ता सरळ झाल्यावरही
खांदा तिथेच होता.