घट

चोरीचं नाही,
हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी काही विचारलं नव्हतं.
इग्नेशस फुर्ताडो, राहणार घोरपडी, वय ब्याऐंशी.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत फडक्यात बारा चमचे
आणि मासे वाढायचा एक झारा,
एवढा रुंद, की आमच्या घरी त्याचं उलथनं झालं असतं.

रविवार पेठेत माझी भट्टी. गाव विट्याकडचं.
आमच्या धंद्यात वस्तू बघत नाहीत, टंच बघतात.
पैंजण असो, करदोटा असो, देवाचा मुकुट असो,
मुशीत सगळ्यांना एकच तोंड.

तरी भिंग लावलं. सवय.
दांड्यामागे ठसे एका ओळीत:
सिंह, एक पंजा उचललेला,
नुकत्या पुसलेल्या फरशीवरून जातोय असा;
बिबट्याचं तोंड, एक अक्षर, कुण्या राजाचं नाक.
वरच्या टोकाला घराण्याची खूण:
बगळा, चोचीत वाम.
दोनशे वर्षं झाली, वाम अजून गिळून झाली नाही.

"कुणाचं घराणं?"
"लॉर्डाचं. नाव मम्मा सांगायची, आता तोंडात येत नाही.
धाकटा भाऊ इथे पलटणीत. सत्तेचाळीसला निघाले तेव्हा
मम्माचा सात महिन्यांचा पगार राहिलेला,
मडमेनं हा डबा दिला. चिठ्ठीपण दिलेली.
चिठ्ठी वाळवीनं खाल्ली."
आणि परत: चोरीचं नाही.

एकेक काट्यावर ठेवला.
बासष्ट, बासष्ट, साडेबासष्ट, बासष्ट.
बारावा अठ्ठावन्न.

अकरा चमच्यांची डावी कड जराशी बोथट,
उजव्या हातानं जेवणाऱ्यांची.
बाराव्याची उजवी गेलेली,
तिरकी, नख कापल्यासारखी.

"डावरी होती," फुर्ताडो म्हणाले.
"शाळेत मारून मारून लिहायचा हात बदलला,
जेवायचा नाही बदलला.
रोज रात्री पेज, ह्याच चमच्यानं,
भांड्याचा तळ खरवडून. पस्तीस वर्षं.
बाकीचे पाहुण्यांसाठी ठेवले होते.
तसले पाहुणे आलेच नाहीत."

"हा मागे ठेवू?"
ते काट्याकडे बघत राहिले.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याची तारीख मंगळवारची.
"घाला," म्हणाले. मग, "नको."
मग, "घाला."

सिंह आधी गेले.
बगळ्याची चोच उघडली असावी,
वाम सुटली असावी,
त्या उजेडात नीट दिसत नाही.

पावती लिहायला बसलो. वजन, टंच, मजुरी, घट.
घटीच्या रकान्यात मी भट्टीत जळतं तेवढंच लिहितो.
हे चार ग्रॅम भट्टीपर्यंत आलेच नव्हते.
रोज कणभर, मीठ घातलेल्या पेजेबरोबर
घोरपडीत एका बाईच्या पोटात गेले होते,
लॉर्डाला न विचारता.
पेन थोडा वेळ तसाच हातात.

पैसे त्यांनी दोनदा मोजले.
दारातून मागे वळले,
डबा परत हवा होता.
आणि फडकं.