बाविसावा सेकंद

गोथेनबर्ग, नोव्हेंबर, तिसरा मजला.
गुन्वोरबाईंच्या विरळ केसांतून वाट काढत
मी बत्तीस ठिकाणी जेल लावतो.
"अरे, गाईची धार काढतानासुद्धा
आम्ही आधी हात चोळून घ्यायचो,"
त्या म्हणतात.

मग पडद्यावर कॉफी.
वाफ, हसरं कुटुंब, पुन्हा वाफ.
आलेख पेंगतो.
बाविसाव्या सेकंदाला ताडकन उठून बसतो,
आणि काचेपलीकडे कंपनीची माणसं
एकमेकांना टाळ्या देतात.

रात्री मी ध्वनिफीत मागे नेऊन ऐकली.
खाली रस्त्यावर ट्रामची घंटा,
आणि बाईंचं पुटपुटणं:
"गेली. आता वीस मिनिटं गारठ्यात."

हे मी अहवालात लिहिलं.
तळटीपेत. आठ पॉइंटात.

तळटीप वाचली गेली, पण अर्धीच.
जानेवारीत जाहिरात झळकली:
तीच वाफ, तेच कुटुंब,
आणि बाविसाव्या सेकंदाला
घंटा.

परवा बाई दुकानात भेटल्या,
टोपलीत चहाचा डबा.
म्हणाल्या, "हल्ली टीव्हीवर काहीतरी लागतं बघ.
कशाचं असतं, देव जाणे.
पण मी उठते
आणि बूट शोधायला लागते."