अर्थ लागत नाही

पहाटे साडेचारला मार्केट यार्डातून फोन.
भैरू चौगल्याची पिकअप, मागं गुळाचे रवे,
चावी मारली की एकदाच
टक.
पुढं काही नाही.

मी पोचेपर्यंत जो तो वैद्य झालेला.
हमाल म्हणत होते ढकला, पण दीड टन गूळ ढकलणार कोण?
चहावाला म्हणाला बॅटरी,
आणि ती तर परवाच मेव्हण्यानं गळ्यात मारलेली, नवी.

डिझेलचं असं असतं,
त्याला ठिणगी लागत नाही, दाबानंच पेटतं आतल्या आत.
पहिली गिरकी तेवढी
दुसऱ्यानं द्यावी लागते.

हेडलाइट लाव म्हटलं. आता मार.
टक.
समोरच्या शटरवरचा पिवळा गोल जराही हलला नाही.
म्हणजे बॅटरी निर्दोष.
मेव्हणाही, तेवढ्यापुरता.
हीटरचा दिवा लागून वेळेवर विझत होता,
स्टार्टरपर्यंत करंट पोचत होता.

मग डब्यातून दस्तगीर उस्तादांचा बल्ब काढला.
इंडिकेटरचा साधा बल्ब, दोन वायरी,
एका टोकाला सायकलची तार घासून केलेली सुई.
मीटर आहे माझ्याकडं, चांगला आहे.
पण आकडा बघायला चष्मा लागतो.

एक टोक बॅटरीच्या मायनसला,
एक इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
इथं हा बल्ब पेटायचा नसतो.
दोन्ही एकाच घरातले,
घरातल्या घरात कसला उजेड?
मार, भैरू.
टक,
आणि पेटला.

"अर्थ लागत नाही रे हिला."
भैरू हसला, "शाळेत गुरुजी मलाबी हेच म्हणायचे."

खाली शिरलो. चेसिसपासून गिअरबॉक्सला जाणारी
तांब्याची चपटी वेणी,
वरून ठीक, मागून मोरचुदासारखी हिरवी.
महापुरात गाडी तीन दिवस चिखलीत उभी होती,
बोल्टच्या मागं पंचगंगेचा गाळ अजून तसाच, वाळून घट्ट.
लाल वायर सगळे बघतात.
गेलेली वीज परत कुठल्या वाटेनं येते
ते कुणी विचारत नाही.

तेरा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, थोडं व्हॅसलीन.
अर्ध्या चावीवर इंजिन उठलं,
काळा धूर गुळाच्या वासात शिरला,
चहावाला म्हणाला, मी म्हटलंच होतं.

बल्बच्या वायरी गुंडाळताना हात जरा थांबला.
लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून नेला होता मी हा,
"उद्या आणून देतो" म्हणून.
त्याला आता बावीस वर्षं.
उस्ताद हल्ली कागलला, मुलाकडं.
दिसत नाही म्हणतात. फक्त उजेड कळतो.

भैरूनं पैसे दिले, वर गुळाचा एक खडा.
"निपाणीला निघालोय. सोडू का कुठं?"

मी बल्ब डब्यात न ठेवता खिशात घातला.
कागल लागतं का रे वाटेत?

"लागतं की."