पोचा

भांडं हातातून पडलं तर पोचा बुडाशी येतो, नाहीतर काठाला.
उथळ, जमिनीच्या मापाचा.
फेकलेल्या भांड्याचा पोटात येतो.
त्याला कोपरा असतो, ओट्याचा किंवा उंबऱ्याचा.
एकदा त्यात बांगडीची काच अडकलेली होती.
चाळीस वर्षं भांडी बाजारात ठोकाठोकी करतोय,
एवढं कळतं.

वृषाली पहिल्यांदा आली ती कळशी घेऊन.
"निसटली हातातून, काका."
गळ्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. वृषाली हीस मामांकडून सप्रेम भेट,
पिंपळगाव बसवंत.
अक्षरं माझीच. 'ळ'ची गाठ मी तशी मारतो.
पोचा पोटात होता.
मी म्हटलं, साठ रुपये होतील.

दिवाळीआधी तीच कळशी.
"पोरानं पाडली."
पोर कडेवर, सात-आठ महिन्यांचं,
मुठीत माझं बोटसुद्धा पुरतं मावेना.
मी म्हटलं, साठच द्या.

तिसऱ्यांदा काही बोललीच नाही.
डावा हात पदराखाली,
उजव्यानं पैसे आधीच पुढे केले.

खरवईवर कळशी चढवली, आतून रेटा दिला,
आणि माझ्याच घरातला आवाज आला.

आमच्याकडे एक हंडा आहे. सत्त्याऐंशी सालचा.
पोटात पोचा.
इंदू म्हणायची, राहू द्या, पाणी मावतं तेवढ्यात.
गावाची भांडी सरळ करणारा मी,
त्याला कधी हातोडी लावली नाही.
आळीत ऐकू गेलं होतं सगळ्यांना.
पण दिवसभर ठोके ऐकणारी आळी,
रात्रीचे चार जास्तीचे कोण मोजतं?
सकाळी गोविंदशेटनं मला चहा पाजला,
पितळेचा भाव विचारला.
दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं त्यानं.
मी चिडलो असतो. तरी.

दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं
की आमच्या बाजारात फोन सुरू होतात.
कमरेला लागलं की माल माळ्यावर.
गळ्याला येईपर्यंत कुणी गल्ल्यावर बसून राहत नाही,
कुणी म्हणत नाही
जाऊ द्या, नदीचा घरगुती मामला आहे.

मी वृषालीला म्हटलं, ही पडलेली नाही.
तिनं माझ्याकडे नाही, कळशीकडे पाहिलं.
"मग?"
मला पुढचं येत नव्हतं.
म्हणून जिन्याखालून इंदूला हाक मारली.
ती हात पुसत उतरली,
कळशीच्या पोटावरून बोट फिरवलं
आणि माझ्यादेखत म्हणाली,
"आमच्याकडेपण आहे असली एक."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
मी हातोडीचा दांडा बघत बसलो.

दुकानामागे दोघी दीड तास होत्या.
काय बोलल्या, मला सांगितलं नाही.
जाताना इंदूनं कळशी उलटी करून पुढे ठेवली:
"बुडाला आकडा घाला. एक, आठ, एक.
कुणी विचारलं तर वजन आहे म्हणायचं."

तेव्हापासून लग्नाच्या भांड्यांवर
सप्रेम भेट गळ्याला आणि बुडाला तो नंबर.
बहुतेक जण हो म्हणतात.
सातपूरच्या बचतगटानं चाळीस तांबे नेले.
एक मुलीचा काका भडकला, अपशकुन म्हणाला,
परात उचलून समोरच्या दुकानात गेला.
आठवड्यानं त्याची बायको आली, एकटीच.
परात उलटी धरून.
या तीन आकड्यांचे मी पैसे घेत नाही.

वृषाली परत आली ती कळशीशिवाय.
पोर चालायला लागलेलं.
संरक्षण अधिकाऱ्याचं ऑफिस कुठंशी आहे, विचारत होती.
मी पत्ता सांगेपर्यंत
इंदू चप्पल घालून पायरीवर उभी.

त्या रात्री मी हंडा खाली आणला.
खरवईवर चढवणार, तेवढ्यात ती म्हणाली,
"नको. दुकानात ठेवा, पुढे."

आता तो फळीवर असतो, पोचा रस्त्याकडे करून.
गिऱ्हाईक विचारतं, केवढ्याला?
विकायचा नाही म्हणतो.
मग कशाला मांडलाय?
मी हातोडी खाली ठेवतो.
रोज सांगतो, आणि रोज
पहिलं वाक्य अडतं.