खिळा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, रात्री पावणेदोनला
सतरा नंबरचा माग थांबला
आणि पडद्यावर ओळी आल्या :
इथे पाहिलं, नाही.
इथे पाहिलं, नाही.
इथेही नाही.

कंट्रोलरच्या पोटात एक चिमुकली भाषा बसवली आहे.
तिला स्वतःचं घर नाही, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये
पोटभाडेकरू म्हणून राहते,
चादरीवरचा मोर कुठल्या धाग्यांनी उचलायचा तेवढं सांगते.
मोटरशी बोलणं, सुया हलवणं, असली जड कामं
लायब्ररीकडून करून घेते.
चोवीस मागांत मिळून एक लायब्ररी.
ती मी संध्याकाळी ठेवली होती
माझ्याच नावाच्या फोल्डरात.

"काय हरवलं पोरी?" इरेशम जॉबर.
हरवलं नाही मामा, आहे.
मी ठेवलं तिथं ती बघत नाही.

ते हसले नाहीत. बॅटरी मारली खांबावर.
खांद्याइतक्या उंचीवर खिळा,
खिळ्याभोवती लाल ऑइलपेंटनं काढलेली
पान्याची बाह्यरेषा. आत पाना.
"लाइट गेली तरी हात इथंच येतो की.
पाना आपल्याला आवडंल तिथं नाही ठेवायचा."
शेजारी दुसरा खिळा, जुन्या मागांचा पाना त्यावर.
"दोन्ही एकाला टांगले ना,
घाईत नको तो येतो हातात, नटाचे आटे जातात."

मग मी हलवली ती :
यूएसआर, त्यात लोकल, त्यात लिब,
त्यात भाषेचं नाव, त्यात आवृत्तीचा आकडा,
पाच-एकचा खिळा वेगळा, पाच-तीनचा वेगळा.
तिथं लिहायला मालकांचा पासवर्ड लागतो.
मालक जुळे सोलापुरात झोपलेले.
तिसऱ्या रिंगला उचलला फोन, पासवर्ड सांगितला,
नातीचं नाव होतं. (उद्या बदलायला लावीन.)

सतरा नंबर खोकला, चालू झाला.
मोराची मान जिथं तुटली होती
तिथं एक आडवी रेघ राहिली, ती राहणारच.

"आणि लाल रंग?" मामा म्हणाले.
"तू उद्या नसशील. कुणाला कळंल खिळा कुठाय?"

बिलाच्या पाठीवर पत्ता लिहिला,
कंट्रोलरच्या दाराला आतून चिकटवला.
वर मथळा : पाना इथे आहे.
मामांनी बोट ठेवून वाचलं. म्हणाले,
"पाना तर आमच्या तेलुगूतला शब्द."
मी म्हटलं, आमच्या मराठीतला.
कुणी टांगला, कधी, माहीत नाही.
दोघांचाही हात तिथंच गेला.