दुधाचा हिशेब

चार वर्षं मला वाटत होतं,
सोसायटीच्या कॅलेंडरवरच्या त्या बारीक फुल्या
म्हणजे दुधाचा हिशेब.
म्हशीवाला भैरू मधूनच खाडा करतो,
त्याच्या खाड्याची फुली.
विचारलं कधी नाही.
स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं सगळं तिचं,
असंच आमच्यात चालतं.

मी उद्यमबागेत साचे भरतो.
वाळू चाळायची, पेटीत ठोकायची,
कोर बसवायचा, वर झाकण, मग ओतणी.
कास्टिंग फुटलं तर सुपरवायझर
माझं नाव घेतो, लोखंडाचं नाही.
घरी मात्र
दोन पोरींनंतर जे राहिलं ते टिकलं नाही,
निर्मळाच्या अंगावरून जाऊ लागलं,
तिसऱ्या फाटकापाशी रिक्षा अडकली,
मालगाडीचे डबे संपता संपेनात,
आणि आई म्हणाली, हिचंच अंग नाजूक.
मी मान हलवली.
ती मान अजून दुखते.

दवाखान्यातनं आल्यावर तिनंच सांगितलं,
भिंतीकडं बोट करून, आवाज न चढवता:
ही फुली पाळी आली त्या दिवसाची.
ही, यायला पाहिजे होती त्या दिवसाची.
ह्या दोन फुल्यांमधलं एकेक मोजत मी पडून असते.
खरं तुमाला काय सांगायचं?
तुमी झोपलेला असताय.

एक नोव्हेंबरला काळी फीत लावून मी फिरलोय.
पाटीवरच्या अक्षरांसाठी
पाठीत दोन लाठ्या घेतल्यात.
त्याच मला
बायकोशी हे बोलायला धड एक शब्द सापडेना.
'ते' म्हणालो. 'तसलं' म्हणालो.
मग गप्प बसलो
आणि तारखा तेवढ्या पाठ केल्या.

सिव्हिलच्या खिडकीत सिस्टर म्हणाली,
हेंडती एल्ली?
बायको घरी आहे, म्हटलं. आपरेशन नंदे.
माझंच.
तिनं पेन टेकवलं, वर बघितलं,
रजिस्टरची पानं मागं मागं चाळली.
बायकांची नावं एकाखाली एक, मुंग्यांची रांग.
बाप्यांच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत एकच रेघ मारून ठेवलेली.
तिनं रेघ खोडली नाही.
रेघेवरच लिहिलं, भरमा यल्लाप्पा हुंदरे,
कन्नडात.
तरी ते माझंच नाव दिसलं.

पंधरा मिनिटं. टाकासुद्धा नाही.
डॉक्टर म्हणाले, तीन महिने अजून सांभाळून,
मग तपासून घ्या, तोवर भरवसा नको.

आई दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना,
ताटाकडंच बघत,
बाप्याचं बळ जातंय म्हणे.
दहा दिवसांनी भट्टीवर गेलो, लॅडल उचलला.
जड होता.
आधीपण जडच होता.

कॅलेंडरवर आता फुल्या मी मारतो.
पहिल्याच महिन्यात एक दिवस चुकलो,
तिनं माझ्या हातातनं पेन्सिल घेतली,
खोडलं, शेजारच्या चौकोनात बोट ठेवलं,
आणि पेन्सिल परत दिली.
भैरूच्या खाड्याला आता गोल काढतो,
घोटाळा नको.

काल सुट्टीच्या आधी नळावर
ग्राइंडरच्या आवाजाचा आडोसा घेऊन
कामाण्णा जवळ सरकला.
चार पोरांचा बाप. बायकोच्या अंगात रक्त नाही,
डॉक्टर दर वेळेला तेच सांगतात.
साबण उगाच हातात फिरवत राहिला,
इकडं बघितलं, तिकडं बघितलं,
दुखतंय काय रे?

सांगायला लागलो.
मधेच ग्राइंडर थांबला.
मी आवाज खाली केला नाही.