छाट

धायरीतल्या दोन खोल्यांचं भाडं तिसऱ्यांदा वाढलं
तेव्हा पुस्तकांची सहा खोकी टेम्पोत टाकली
आणि टेंभुर्णीपर्यंत ड्रायव्हरशी बोललो नाही.
मोहोळ आलं तेव्हा त्यानेच विचारलं, काय करता?
लिहितो.
तो म्हणाला, कोर्टाबाहेर?

आता विडी घरकुलात वरची खोली. पत्रा.
बारानंतर लॅपटॉप माझ्याआधी तापतो,
त्याच्याखाली माठाच्या पाण्यात बुडवून पुसलेली ताटली ठेवतो.
नळ पाचव्या दिवशी.
खाली सत्तम्मा वंगारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते,
तंबाखूचा वास जिन्याने वर येतो
आणि माझ्या वाक्यांना शिंका येतात.

मी शहर बदललं हे ॲपला कळलं,
आईला कळण्याआधी.
‘तुमच्या खात्यावर वेगळ्या ठिकाणाहून हालचाल दिसते.
आपण आपणच आहात हे सिद्ध करा.’
जे बेचाळीस वर्षांत जमलं नाही
ते अठ्ठेचाळीस तासांत मागत होते.
पुरावा म्हणून भाडेकरार चालेल.
सत्तम्मा म्हणाली, कशाला बाबा कागद,
पळून जालालास का?

तर खातं बंद. आत अडकलेत
कादंबरीची एकतीस प्रकरणं,
सदतीस रुपये चाळीस पैसे
(शंभर भरल्याशिवाय हातात देत नाहीत)
आणि एक वाचक, नाव गाव माहीत नाही,
दर शुक्रवारी एवढंच विचारायचा:
पुढे?

त्याआधी माझी एक गोष्ट
कुणी तरी मागे पावसाचा आवाज लावून वाचली होती.
दीड लाख लोकांनी ऐकली.
मी तक्रार केली. उत्तर आलं,
तुमचा मजकूर आधीच्या मजकुराशी जुळतो,
सबब काढून टाकला आहे.
खाली सही: टीम.
टीमला दमा असतो का, टीमची मुलगी दहावीला आहे का,
कुठल्या चौकात उभं राहिलं
की टीम चहाला येते?
माणूस असता तर भांडलो तरी असतो.

शनिवारी सत्तम्मा कारखान्यातून आली ती सूप आपटतच.
हजारात सव्वाशे छाट.
‘बारीक वळली म्हणे. बघितलं बी नाही त्यानं,
अंगठ्यानं सारलं बाजूला.’
छाट परत देतात का, मी विचारलं.
ती हसली, तेलुगूत काही तरी म्हणाली, मग मराठीत:
‘छाट बी ओढतंयच की कोण तरी.
पैसे तेवढे माझे कापतेत.’

जिन्यातच वही काढली होती.
मग वाटलं, हे वाक्य उचललं
तर माझ्याही अंगठ्याला तंबाखू लागेल.
वही मिटली.
आणि आता इथे लिहिलंच.

रात्री लाइट गेली. ती ओट्यावर, मेणबत्ती,
कैचीखाली पान गोल फिरतंय.
‘वाच की. दिवसभर टकटक करतोस,
काय ते कळू दे तरी.’
मी वाचलं. कैची. दोरा. कैची.
तिसऱ्या पानावर माझी नायिका
पहाटे अडीचला नळाखाली हात धरून रडते,
तिथे सत्तम्माचे हात थांबले.
माझ्या छातीत काही तरी टुणकन उडालं.
थांबलेला हात म्हणजे
तिच्या दोन विड्या गेल्या माझ्यापायी.

‘अडीचला पाणी? कुठल्या गल्लीत?’
मी गप्प.
‘आणि आलं असतं तर रडत बसली असती होय?
आधी घागरी भरल्या असत्या बाईनं.’

पेन्सिल घेतली, ओळ खोडली.
कारण सांगून केलेली ही पहिली छाट.
तिने नवीन पान उचललं, पाणी शिंपडलं.
‘मग? पुढं?’

पुढचं लिहिलेलं नव्हतं.
मी तरीही पान उलटलं.